“ताई, कुणाला सांगू नका”

(पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

मराठवाड्यातल्या एका ऊसतोड गावात मी अकरा वर्षं आशा म्हणून काम करते. दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यावर जातं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. नववीतली एक मुलगी, पंधरा वर्षांची, आजी आणि धाकट्या भावाबरोबर राहते. दोन महिन्यांत ती चार वेळा पोटात दुखतंय म्हणून माझ्याकडे आली. संक्रांतीच्या आधी पॅड न्यायला आली ती उठेचना. मग रडत रडत सांगितलं. वडिलांचा एक चुलतभाऊ किराणा आणून देण्याच्या निमित्ताने घरी येतो. त्याने तिच्यावर जबरदस्ती केली आहे, आणि एकदाच नाही. शेवटचं घडून तीन आठवडे झाले असतील. “ताई, कुणाला सांगू नका, तुम्हाला माझी शपथ आहे,” म्हणाली. आजीला मी आडून विचारलं, तर तिला संशय होताच. ती म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. आई-बाप आले की वैशाखात लग्न लावून देऊ. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक म्हणतात, आपलं काम लसीकरण आणि गरोदर मातांचं, पोलिसांच्या भानगडीत पडू नको. माझ्याकडे पुरावा काहीच नाही. तक्रार झाल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, असंही ऐकलंय. मला याच गावात राहायचंय. सांगितलं तर मुलीचा विश्वासघात, नाही सांगितलं तर माझं मन मला खातंय. काय करू?

ताई,

तुमचं पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. म्हणून दोन गोष्टी त्याच दिवशी कळवल्या: त्या माणसाचं घरी येणं आजपासून बंद झालं पाहिजे, आणि मुलीला याच आठवड्यात दवाखान्यात न्यायला पाहिजे. बाकीचं सविस्तर इथे लिहिते, कारण तुमच्यासारखंच गुपित उराशी धरून बसलेल्या आशा, अंगणवाडीताई, शाळेतल्या बाई, मावश्या आणि आज्या पुष्कळ असणार.

आधी त्या चार वेळच्या पोटदुखीबद्दल. सरकारी दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात अशा मुली माझ्याही ओपीडीत यायच्या. पोटात दुखतं, चक्कर येते, झोप लागत नाही, मधूनच दातखीळ बसते. मी जंताची गोळी दिली, अॅसिडिटीची दिली, लोहाची दिली. आईला बाहेर बसवून “घरी कुणाची भीती वाटते का गं?” एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती. विचारलं नाही. त्यातल्या किती जणी हेच सांगायला आल्या होत्या, हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही तिला बसू दिलंत, उठवलं नाहीत, म्हणून ती बोलली. पुरावा नाही म्हणता, पण पुरावा गोळा करणं तुमचं कामच नाही, ते पोलिसांचं आणि डॉक्टरांचं. तुमच्या वाट्याचा भाग तुम्ही केलात, तिच्यावर विश्वास ठेवलात.

गटप्रवर्तक म्हणतात की हे आपलं काम नाही. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या डोक्यावर अहवालांचा ढीग असतो. पण त्यांना एवढं दाखवा की राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला, तेव्हा दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी ठरवलेल्या सहा विषयांत पोषण आणि मासिक पाळीच्या जोडीला हिंसाही होती. आशांसाठी स्त्रियांवरच्या हिंसेची वेगळी पुस्तिकाही काढलेली आहे. तेव्हा काम आपलंच आहे. अडचण ही, की डायरीत त्याला रकाना नाही आणि जिथे रकाना नाही तिथे आजार नाही, असं आपण धरून चालतो.

आणि हा आजार केवढा आहे बघा. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. युनिसेफचा ऑक्टोबर २०२४ चा जगाचा अंदाज असा, की आज हयात असलेल्या दर आठ मुली-स्त्रियांपैकी एकीवर अठरा वर्षांच्या आत बलात्कार किंवा लैंगिक हल्ला झालेला आहे, आणि असे प्रसंग चौदा ते सतरा या वयात एकदम वाढतात. म्हणजे नववी ते बारावी. एखाद्या तापाचे एवढे रुग्ण निघाले असते तर गावोगाव फवारणी झाली असती.

आजार म्हणते ते उगाच नाही. गर्भ राहणं, लैंगिक संसर्ग, ओटीपोटाचं जुनाट दुखणं हे शरीराचं झालं. त्याबरोबर झोप उडणं, अंगाला कापून घेणं, शाळा सुटणं, जीव नकोसा होणं. पुढे लग्नानंतर नवऱ्याने साधा हात लावला तरी अंग ताठ होणं. हे सगळं दवाखान्यात वेगवेगळ्या नावांनी येतं आणि मूळ कुणी विचारत नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका सोसत होत्याच, विचारायला कुणी गेलं नव्हतं. मुलींच्या बाबतीत आपण आज तिथेच आहोत.

आता शपथेचं. तुम्हाला वाटतं, सांगितलं की विश्वासघात. मला वाटतं, ती नेमकं काय नको म्हणते आहे हे अजून तुम्ही तिला विचारलेलं नाही. “कुणाला सांगू नका” या तीन शब्दांत बऱ्याच भित्या असतात. बापाला कळलं तर शाळा बंद करेल. आई फड सोडून येईल, मग मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटणार? आजीला दगदग होईल. वर्गातल्या पोरी हसतील. त्याने धमकी दिली असेल. किंवा एवढंच, की लोक म्हणतील तीच तशी. यातली कुठली भीती खरी आहे ते तिच्याकडूनच काढा. “कुणाला कळायची सगळ्यात जास्त भीती वाटते?” असं विचारा. मग तिला खरं सांगा: “गावात मी एक शब्द बोलणार नाही. पण तुला बरं करायला आणि त्याला थांबवायला ज्यांची गरज आहे, त्यांच्यापासून मला लपवता येणार नाही. कुणाला, कधी, कसं सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू.” तिच्या पाठीमागे जाऊन काही करू नका. तिच्यावर झालेल्या जबरदस्तीत तिचं कुणी ऐकलं नाही, मदतीतही तिचं ऐकलं नाही तर तिला ते वेगळं वाटणार नाही.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ही शिक्षा लहान मुलाला नाही, पण तुम्हाला, मला, आजीला लागू आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र उलट कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

मनातलं सांगायचं तर या सक्तीबद्दल मला प्रत्येक वेळी खात्री वाटत नाही. सोळा-सतराची दोन मुलं एकमेकांच्या प्रेमात पडून दवाखान्यात येतात, आणि पोलिसांच्या भीतीने दुसऱ्या दिवशी पळून जाऊन भोंदूकडून गोळ्या घेतात, हे मी पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा मुलींच्या गर्भपाताच्या बाबतीत, तिने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव सांगायची गरज नाही असं म्हटलं, ते या अनुभवातूनच. पण तुमची गोष्ट ती नाही. इथे एक मोठा माणूस आहे, घरात ऊठबस असलेला, आणि तो पुन्हा पुन्हा येतो आहे. त्या घरात धाकटं पोरही आहे. इथे माझ्या मनात दोन मतं नाहीत.

फक्त क्रम बदला. तुमच्या डोक्यात आधी पोलीस, मग दवाखाना आहे. आधी दवाखाना. “तक्रारीशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत” हे तुम्ही ऐकलंत, कारण काही ठिकाणी खरंच तसं वागतात. नियम उलट आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरने पोलिसांचं पत्र किंवा दुसरा कुठलाही कागद मागायचा नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने प्रथमोपचार आणि उपचार फुकट द्यायचे आहेत. नाकारले तर तो गुन्हा आहे. मुलीला स्त्री डॉक्टरनेच तपासायचं, तिचा विश्वास असलेलं माणूस जवळ ठेवायचं. ती बारा वर्षांच्या वरची आहे, त्यामुळे तपासणीला होकार किंवा नकार तिचा. तपासणी नको म्हणाली तरी उपचार थांबवता येत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’, म्हणजे योनीत बोटं घालून करायची तपासणी, केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्येच बंद केली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. कुणी तो हट्ट धरला तर तुम्ही “नाही” म्हणू शकता. आवाज चढवायची गरज नाही, नुसतं तिथून उठू नका.

या मुलीच्या बाबतीत तीन आठवडे उलटलेत. आता लघवीची गर्भाची तपासणी, संसर्गाच्या तपासण्या, एचआयव्हीची आज आणि पुढे तीन महिन्यांनी पुन्हा, हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर ती. गर्भ राहिला असेल तर घाबरून गर्भ पाडणाऱ्या कुणा गावठी बाईकडे नेऊ नका. अशा मुलींना कायद्याने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पण जितका लवकर तितका सोपा.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणापुढे कालचा-परवाचा प्रसंग असेल तर मात्र घड्याळाकडे बघा. एचआयव्ही टाळणारी औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. गर्भ न राहण्याची गोळी पहिल्या तीन दिवसांत उत्तम, पाच दिवसांपर्यंत उपयोगी. पुराव्यासाठीचे नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेता येतात. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. आणि मुलीने अंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील, तरी “आता काय उपयोग” म्हणून घरी बसू नका. औषधांना त्याने काही फरक पडत नाही.

पोलिसांना कळवायचं ते डॉक्टरांमार्फत जाऊ द्या. वैद्यकीय अधिकाऱ्यावरही तीच जबाबदारी आहे, त्यामुळे कागदावर पहिलं नाव तुमचं असायलाच हवं असं नाही. गाव अंदाज बांधेल, ते मी नाकारत नाही. म्हणून एकट्या जाऊ नका. सिस्टरना किंवा अंगणवाडीताईंना बरोबर घ्या. १०९८ या बालमदत क्रमांकावरूनही खबर देता येते. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, साध्या कपड्यातल्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, तिला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. कोर्टात साक्ष देताना तिला त्याच्या समोर उभं करत नाहीत. खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो; तुम्ही मनाची तयारी जास्त काळाची ठेवा. बालकल्याण समितीकडे सोबतीचा माणूस मागा, कायद्यात तशी सोय आहे. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ‘पैशासाठी केलं’ असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या, पोरीच्या शिक्षणाला लागतात ते पैसे.

आता आजी. तिला खलनायिका करू नका. तिच्या काळात अब्रू वाचवणं म्हणजेच नात वाचवणं होतं, आणि तिला दुसरी वाट कुणी दाखवलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण या मुठीत काय झाकलंय? त्याचं नाव. मुलीचं काहीच झाकलं जात नाही, ती तर रोज त्याची चाहूल घेत जागी असते. आजीला हे असं सांगा: “मूठ उघडली तर अब्रू त्याची जाईल, आपल्या पोरीचं काय जातंय?”

लग्नाच्या उपायावर मी जरा कडक बोलणार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड-परभणीत हाच आकडा चाळीसच्या वर जातो. त्यातली कितीतरी लग्नं याच भीतीने लागतात, की पोर एकटी मागे राहिली आणि काही झालं तर? म्हणजे हिंसेची भीती बालविवाह घडवते आणि बालविवाह पुन्हा त्याच हिंसेकडे नेतो, कारण अठराखालच्या बायकोशी संबंध हाही कायद्याने बलात्कारच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून यात शंका उरलेली नाही. पंधरा वर्षांची, झोप उडालेली, अंगाला हात लागला की दचकणारी मुलगी अनोळखी घरात पाठवली तर तिथे तिचं काय होईल, ते तुम्ही अकरा वर्षं बाळंतपणं बघता, मला सांगायला नको. वैशाखात हालचाल दिसलीच तर बालविवाह थांबवायची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची आहे. पण त्याआधी आई यायला हवी.

आईचा प्रश्न सगळ्यात अवघड. अर्धा कोयता, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यातलं एक माणूस, फडातून निघून आला तर मुकादम हिशेब मांडतो, हे मला माहीत आहे. तरीही आईला फोनवर सगळं सांगू नका. “पोरीची तब्येत बरी नाही, आठ दिवस एकटी या” एवढंच म्हणा. बाकी समोर बसून. तोवर मुलगी आणि भाऊ कुठे झोपणार, हे आजच ठरवा. मावशीचं घर असेल, मामाचं असेल, हंगामी वसतिगृह चालू असेल. संस्थेत पाठवायचा पर्याय शेवटचा. त्याने केलं आणि घर सुटलं तिचं, असं व्हायला नको.

तिच्याशी बोलताना “ओरडली का नाहीस”, “आधी का नाही सांगितलंस” हे दोन प्रश्न कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही, भल्याभल्या पुरुषांचंही तसं होतं. प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. शाळा चालू ठेवा, मैत्रिणी तुटू देऊ नका. रात्री फार त्रास झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, क्रमांक आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असेल तर पुढच्या भेटी तिथे करा. हातावर कापल्याच्या खुणा किंवा “मला जगायचंच नाही” असं बोलणं, यातलं काही दिसलं तर मात्र तिला क्षणभर एकटी सोडू नका.

तुमची काळजी कोण घेणार, हे पत्रात तुम्ही विचारलेलं नाही. तुमच्यासारख्या बायका विचारत नाहीतच. हे ऐकल्यापासून तुम्हालाही झोप नसेल. सिस्टरशी बोला. नाव न सांगता बोललात तरी चालेल.

एक गोष्ट पुढच्या दिवाळीसाठी. टोळ्या निघायच्या आधी, मागे राहणाऱ्या अकरा ते अठरा वयाच्या मुलामुलींची एक यादी करा. मुलांचीही, कारण ते तर पोटदुखीसुद्धा सांगत नाहीत. कोण कुणाकडे राहणार, रात्री घरात कोण असतं, आईचा फोन कुठला. आठवड्यातून एकदा त्या घरांवरून चक्कर मारायची आणि पोराशी दोन मिनिटं एकट्याशी बोलायचं. तुमच्या गावात ग्राम बालसंरक्षण समिती कागदावर असेलच, तिच्यापुढे ही यादी ठेवा. नसेल तर वाट बघू नका, आशा डायरीचं मागचं पान पुरतं.

आणि हो, दवाखान्यात जाल त्या दिवशी पोरीला उपाशी नेऊ नका. बरोबर भाकरी आणि पाण्याची बाटली घ्या. केसपेपरपासून तपासणीपर्यंत तिथे दुपार होते.